प्रकाशाचं दशक आणि औंढ्याची फाईल

औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी मिळाली १७ फेब्रुवारी २०१६ला. तेव्हा धर्माबादपासून लातूरपर्यंत पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

प्रकाशाच्या विज्ञानाचा त्याआधीचा इतिहास भराभर उरकता येतो. १९२४ला सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकण मोजण्याची रीतच बदलली. उमेदवारीच्या काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या जॉर्ज सुदर्शन यांनी १९६३ला पुंज-प्रकाशाचं गणित मांडलं; त्याच विषयावरच्या कामाचं २००५चं नोबेल मात्र शास्त्रज्ञ ग्लॉबर यांना गेलं. ते शल्य आजही सलतं. २००१ला निल, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी दाखवलं की एकेकटे प्रकाशकण, आरसे, प्रकाश-विभाजक आणि डिटेक्टर यांच्या जोरावर क्वांटम संगणक बांधता येईल.

रंगत आली ती २०१६नंतरच्या दशकात. प्रकाशात एक न टळणारी पुंज-थरथर असते. तिची एक बाजू दाबली की दुसरी फुगते. असा 'स्क्वीझ्ड' प्रकाश २०१९पासून अमेरिकेतल्या लायगोत गुरुत्वीय लहरी टिपायला राबू लागला. संगणकवाल्यांनीही तोच उचलला. डिसेंबर २०२०मध्ये चीनच्या हफेईतल्या 'जिउझांग' या यंत्राने ७६ प्रकाशकणांपर्यंत मजल मारली. २०२२ला टोरँटोच्या झनाडू कंपनीने २१६ स्क्वीझ्ड मोडचं 'बोरियालिस' इंटरनेटवरून वापरायला खुलं केलं. दोघांनी सोडवलेलं गणित मिरचीच्या अडत्याला काडीइतकंही उपयोगाचं नाही, हे खरं. पण यंत्रं उभी राहिली.

आणि दिल्लीत? २०२०च्या अर्थसंकल्पात क्वांटमसाठी पाच वर्षांत ८,००० कोटींची घोषणा झाली. प्रत्यक्ष राष्ट्रीय मिशन मंजूर झालं एप्रिल २०२३मध्ये, तेही ६,००३.६५ कोटींचं आणि २०३१पर्यंत पुरवायचं. त्याच महिन्यात लायगो-इंडियाच्या सुमारे २,६०० कोटींवर शिक्का बसला. तत्त्वतःपासून पूर्ण मंजुरीपर्यंत सात वर्षं! मिशनची चार केंद्रं बंगळुरू, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीत गेली. पुण्याच्या आयसरकडे निदान २०२०पासूनचं क्वांटम हब आहे. मराठवाड्याच्या वाट्याला औंढ्याची फाईल.

प्रकाशाच्या संगणकाचं मुख्य दुखणं म्हणजे वाटेत हरवणारे प्रकाशकण. लायगोचंही तेच: प्रकाशाची घट वाढली की दाबलेली थरथर पुन्हा डोकं वर काढते. म्हणजे औंढ्यात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा सांभाळायला जे हात लागतील, तेच उद्या संगणकालाही लागतील. लेसर जुळवणारे, आरसे राखणारे, निर्वात नळ्यांची गळती शोधणारे. परीक्षेच्या तयारीचा लातूर पॅटर्न डॉक्टर घडवतो, इंजिनिअर घडवतो. हे हात घडवणं त्याच्या वेळापत्रकात अजून तरी आलेलं नाही.