रुग्णानुभव-मापन, आकस्मिक उपचार विभागातील

रुग्णालयाच्या आकस्मिक उपचार विभागात, म्हणजे रूढ भाषेत ‘कॅज्युअल्टी’त, आलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तेथे काय घडले, हे तिच्याच सांगण्यावरून ठराविक प्रश्नावलीच्या साहाय्याने नोंदविणे व त्या नोंदींचे सांख्यिकीय विश्लेषण करणे, याला रुग्णानुभव-मापन म्हणतात. निदान व उपचार यांची माहिती रुग्णपत्रिकेत मिळते. परंतु तपासणी आडोशात झाली का, वेदनाशामक औषध मागितल्यावर ते वेळेवर मिळाले का, घरी पाठविताना धोक्याची लक्षणे समजतील अशा भाषेत सांगितली का, हे सहसा पत्रिकेवरून कळत नाही.

अनुभव व समाधान या भिन्न गोष्टी होत. समाधान अपेक्षेवर अवलंबून असते. ज्याला चांगल्या वागणुकीची अपेक्षाच नसते, तो सामान्य वागणुकीनेही समाधान पावतो. शिवाय समाधान म्हणजे उत्तम उपचार असेही नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अधिक समाधानी रुग्णांचा औषधोपचारावरील खर्च व मृत्युप्रमाण ही दोन्ही अधिक आढळली. म्हणून ‘आपण समाधानी आहात काय?’ असे न विचारता ‘किती वेळ थांबावे लागेल हे आपणास कोणी सांगितले काय?’ अशा प्रकारे घडलेल्या गोष्टींविषयी प्रश्न विचारण्याची पद्धत रूढ झाली. तिच्या प्रसारात अमेरिकेतील हार्व्ही पिकर (१९१५–२००८) यांच्या नावाने चाललेल्या कार्याचा मोठा वाटा आहे.

इंग्लंडमध्ये या विभागांची राष्ट्रीय पाहणी २००३ पासून काही वर्षांच्या अंतराने होत आली आहे. तीत विशिष्ट काळात येऊन गेलेल्या, सोळा वर्षे व त्यांवरील वयाच्या रुग्णांमधून नमुना निवडून त्यांना प्रश्नावली पाठवितात. याच देशात प्रतीक्षाकाळ घड्याळाने मोजण्याचाही प्रयोग झाला. २००० सालच्या राष्ट्रीय आरोग्य योजनेनुसार २००४ च्या अखेरीपर्यंत कोणताही रुग्ण विभागात चार तासांपेक्षा अधिक काळ राहू नये, असे ठरले. प्रत्यक्षात हे प्रमाण ९८ टक्के धरण्यात आले व २०१० मध्ये ते ९५ टक्क्यांवर आणले गेले. आरंभी प्रतीक्षा खरोखरच पुष्कळ घटली. मात्र २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले, की चार तास पुरे होण्यापूर्वीच्या शेवटच्या वीस मिनिटांत विभागातून हलविल्या जाणाऱ्या रुग्णांची संख्या एकाएकी वाढते. रुग्णाची गरज व घड्याळाचा काटा यांत काट्याचे प्राबल्य झाल्याची ती खूण होती. स्टॅफर्ड येथील रुग्णालयाच्या २००९ मधील चौकशीत तर या विभागात येणाऱ्यांची पहिली पारख वैद्यकीय शिक्षण नसलेले स्वागतकक्षातील कर्मचारी करीत असल्याचे उघड झाले. तेथील दुरवस्थेकडे लक्ष वेधण्यात रुग्णांच्या नातेवाइकांच्या तक्रारींचा वाटा मोठा होता.

घड्याळातील वेळ व रुग्णाला जाणवणारी वेळ यांतही अंतर असते. डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की कारण न सांगितलेली, किती काळ चालेल हे ठाऊक नसलेली व चिंतेत काढलेली प्रतीक्षा अधिक लांब भासते. त्यांचा विषय सर्वसाधारण रांगांचा होता. पण हे तीनही विशेष एकत्र यावेत असे स्थान आकस्मिक उपचार विभागाहून दुसरे क्वचितच सापडेल. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात रुग्णांचे समाधान प्रत्यक्ष प्रतीक्षाकाळाशी निगडित नसून त्यांना भासलेली प्रतीक्षा, मिळालेली माहिती व कर्मचाऱ्यांची आस्था यांच्याशी निगडित असल्याचे आढळले. यावरून प्रतीक्षा लांबली तरी चालेल असा अर्थ काढणे मात्र घातक ठरेल. हृदयविकाराच्या झटक्यात गेलेली मिनिटे गोड बोलण्याने भरून येत नाहीत.

इंग्लंडमध्ये एप्रिल २०१३ पासून या विभागांतील रुग्णांना, आपण इष्टमित्रांकडे या विभागाची शिफारस कराल काय, असाही प्रश्न विचारण्यात येऊ लागला. ही कल्पना व्यापारी क्षेत्रातून आली. पाय मोडून आलेल्या माणसाला निवडीला वाव कितीसा असतो? पुढे २०२० मध्ये हा प्रश्न बदलून एकंदर अनुभव कसा होता, असे विचारण्यात येऊ लागले.

मापनातील सर्वांत मोठी उणीव उत्तर न देणाऱ्यांची आहे. विभागात वा नंतर मृत्यू पावलेले रुग्ण पाहणीत नसतातच. बेशुद्धावस्थेत आलेल्यांना आरंभीचे काही आठवत नाही. बेघर, मनोविकाराने ग्रस्त व पाहणीची भाषा न येणारे रुग्ण मोठ्या प्रमाणात निसटतात. इंग्लंडमधील अलीकडच्या फेऱ्यांत प्रश्नावली मिळालेल्यांपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक जणांनी ती परत पाठविली नाही. वय, लिंग इत्यादींनुसार भार देऊन आकडे दुरुस्त करता येतात, परंतु जे मुळीच बोलले नाहीत त्यांचा अनुभव त्यामुळे मिळत नाही.

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ हा उपक्रम सुरू केला. त्यात लघुसंदेश, दूरध्वनी इत्यादी मार्गांनी रुग्णांचे मत घेण्याची सोय करण्यात आली. आपल्याकडे आकस्मिक विभागात रुग्णासोबत बहुधा नातेवाईक असतात. केसपेपर काढणे, औषधे आणणे, प्रसंगी स्ट्रेचर ढकलणे ही कामे तेच करतात आणि नोंदविलेला दूरध्वनी क्रमांकही पुष्कळदा त्यांचाच असतो. अशा वेळी मिळणारे उत्तर रुग्णाचे की सोबत्याचे, हे प्रश्नावलीतच स्वतंत्रपणे विचारावे लागते. कारण आत काय झाले हे रुग्णाला ठाऊक असते, तर दाराबाहेर काय झाले हे सोबत्याला.