विंचवाचं औषध, मेंदूतलं वादळ

महाडमध्ये विंचूदंशाच्या रुग्णांचे जीव वाचवणारी एक साधी गोळी पुढे दुःस्वप्नं आणि दारूच्या व्यसनावरच्या संशोधनातही पोहोचली. मानसिक आजार आणि व्यसनं यांचा ‘स्वभावा’शी कमी आणि मेंदूच्या रसायनाशी जास्त संबंध का आहे, हे या गोळीच्या प्रवासातून छान कळतं.

महाड म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? चवदार तळं, रायगड, फार तर मुंबई-गोवा हायवेवरचा चहाचा थांबा. पण वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या जगभरातल्या अनेकांना हे नाव वेगळ्याच कारणाने माहीत आहे. ते कारण म्हणजे लाल विंचू!

महाड-पोलादपूरच्या डोंगरकुशीतल्या वाड्यांवर विंचू काही नवा नाही. पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात, दगडाखाली तो असतोच. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि लहान मुलं त्यांच्यासमोर दगावत होती. पुस्तकात त्यावर ठोस उपाय नव्हता. मग त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून जे दिसतं ते लिहून ठेवायला सुरुवात केली. उलट्या, दरदरून घाम, बर्फासारखे गार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसात पाणी. ही निरीक्षणं १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नामवंत नियतकालिकात छापून आली.

नक्की होतं काय?

विंचवाचं विष नसांमधल्या सोडियमच्या सूक्ष्म दारांवर हल्ला करतं. ही दारं वेळेत बंदच होत नाहीत. नसा सारख्या ‘धोका, धोका’ असा संदेश देत राहतात आणि शरीरात अ‍ॅड्रेनलिन व नॉरअ‍ॅड्रेनलिन यांचा पूर येतो. वाघ समोर आला तर पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी लागणारी ही रसायनं. इथे वाघ नसतो, पण शरीर मात्र तासन्‌तास वाघासमोर उभं असल्यासारखं वागतं. रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय दमून जातं.

डॉ. बावस्करांनी विचार केला की या रसायनाला रोखता येत नसेल, तर ते जिथे जाऊन बसतं ती जागाच अडवू या. पेशीवरच्या या जागांना ‘अल्फा-१ रिसेप्टर’ म्हणतात. कुलपात आधीच दुसरी किल्ली घालून ठेवली तर खरी किल्ली आत जाणार कशी? हे काम करणारं प्राझोसिन नावाचं औषध रक्तदाबासाठी तेव्हा उपलब्ध होतंच. ते विंचूदंशावर कसं काम करतं, हे १९८६ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मधूनच जगाला कळलं. गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण पूर्वी ३०-४० टक्क्यांच्या घरात होतं, ते एखाद्या टक्क्यापर्यंत खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता चला मेंदूत

तुमच्या मेंदूच्या बुडाशी, मानेच्या जरा वर, निळसर रंगाचा एक इवलासा ठिपका आहे. लॅटिनमध्ये त्याचं नावच ‘निळी जागा’, लोकस सेर्युलियस. त्यातल्या पेशी मेंदूच्या मानाने अगदीच थोड्या, पण त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले. मेंदूला नॉरअ‍ॅड्रेनलिन पुरवणारं हे मुख्य केंद्र. व्हायवाला तुमचं नाव पुकारलं की छातीत धडधडतं ना? त्यात या ठिपक्याचा मोठा वाटा असतो.

एरवी आपण स्वप्नांच्या झोपेत असतो तेव्हा या पेशी गप्प बसतात. त्यामुळे दिवसभरातल्या कडू-गोड आठवणी मेंदूला शांतपणे लावून ठेवता येतात, असं अनेक संशोधक मानतात. पण युद्ध, अपघात, अत्याचार, पूर यांसारखा मोठा आघात झालेल्या काहींच्या मेंदूत ही यंत्रणा रात्रीसुद्धा जागीच राहत असावी. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा स्वप्नात येतो, माणूस घामाघूम होऊन उठतो, साध्या आवाजाने दचकतो. या आजाराला पीटीएसडी म्हणतात.

आता विंचूदंशाची लक्षणं आठवा. घाम, धडधड, गार हात. रसायन तेच! अमेरिकेत सिएटलमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉ. मरे रॅस्किंड यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या दुःस्वप्नांवर हीच प्राझोसिनची गोळी वापरून पाहिली. ती रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचते, हे महत्त्वाचं. २००३ मध्ये त्यांनी फक्त १० सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुःस्वप्नं कमी झाली होती, झोप सुधारली होती.

गोष्ट इथे संपली असती तर सिनेमा झाला असता. पण विज्ञानात तसं होत नाही. २०१८ मध्ये ३०४ माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. प्राझोसिन घेणारे आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणारे यांच्यात लक्षणीय फरकच दिसला नाही. हा निकाल छापणाऱ्यांत पहिलं नाव कुणाचं होतं माहितीये? डॉ. रॅस्किंड यांचंच. गोळी कुणालाच उपयोगी नाही, की काही विशिष्ट रुग्णांनाच उपयोगी आहे, हा वाद त्यानंतर सुरू झाला आणि अजून मिटलेला नाही.

‘एक पेग आणि टेन्शन खल्लास’?

दारूचं गणितही इथेच येऊन भिडतं. दारू मेंदूचा ब्रेक दाबते आणि अ‍ॅक्सिलरेटर सैल करते. म्हणून सुरुवातीला हलकं वाटतं. पण मेंदू हुशार असतो. रोज कुणी ब्रेक दाबतंय म्हटल्यावर तो स्वतः अ‍ॅक्सिलरेटर वाढवून ठेवतो. मग एखाद्या दिवशी दारू मिळाली नाही की काय होतं? ब्रेक गेला, अ‍ॅक्सिलरेटर तसाच. हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, जीव कासावीस होतो. पुन्हा नॉरअ‍ॅड्रेनलिनचं वादळ!

अमेरिकन संशोधक जॉर्ज कूब याला व्यसनाची ‘काळी बाजू’ म्हणतात. सुरुवातीला माणूस मजेसाठी पितो. नंतर मजा उरत नाही, तो फक्त त्रास थांबवण्यासाठी पितो. येल विद्यापीठातल्या राजिता सिन्हा आणि सहकाऱ्यांनी दारूचं व्यसन असलेल्या १०० जणांना १२ आठवडे प्राझोसिन किंवा दिखाऊ गोळी दिली. २०२१ मध्ये छापलेला निष्कर्ष असा : दारू सोडताना ज्यांना जास्त त्रास होत होता, त्यांना गोळीचा फायदा झाला, ज्यांना त्रास कमी होता, त्यांना नाही. म्हणजे ‘दारुडा’ या एकाच शिक्क्याखाली वेगवेगळे मेंदू असतात आणि सगळ्यांना एकच उपाय चालत नाही.

हे आपल्याला का सांगताय?

कारण महाड-पोलादपूरने विंचवापेक्षा मोठे डंख सोसलेत. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपुरातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरड आली, महाड शहर पाण्याखाली होतं. घरांचे पंचनामे झाले. झोपेचा पंचनामा कोण करतं? पावसाचा जोर वाढला की रात्रभर जागी राहणारी आजी किंवा दरडीनंतर ‘प्यायला लागलेला’ काका यांच्याकडे आपण बघतो ते ‘घाबरट’ आणि ‘वाया गेलेला’ म्हणून. मेंदूच्या अंगाने बघितलं तर कदाचित दोघांच्या डोक्यात एकच भोंगा वाजत असेल.

विंचू चावल्यावर पूर्वी मांत्रिक बोलवत. आज तसं केलं तर तुम्हीच हसाल. मग डिप्रेशनमधल्या मित्राला ‘मन खंबीर कर यार’ म्हणणं हा मंत्रच नाही का? त्यालाही डॉक्टर लागतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशात मानसिक आजार असलेल्यांपैकी बहुतेकांना उपचार मिळतच नाहीत. ‘एम्स’च्या २०१९ च्या अहवालानुसार साधारण १६ कोटी भारतीय दारू पितात.

एक धोक्याची सूचना. हे वाचून प्राझोसिन शोधायला मेडिकलमध्ये जाऊ नका. पहिल्याच गोळीने रक्तदाब धाडकन उतरून माणूस कोसळू शकतो. ती डॉक्टरांनीच, मोजूनमापून द्यायची. तसंच रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एका झटक्यात बंद करणंही धोक्याचं आहे. फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीत.

तुम्ही काय करू शकता?

रात्री नीट झोप लागत नाही, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येतो, पिण्याशिवाय किंवा ओढण्याशिवाय चैन पडत नाही, असं तुमचं किंवा हॉस्टेलमधल्या कुणाचं होत असेल, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६ हा वेगळा क्रमांक आहे.

आणि तुमच्यापैकी कुणाला संशोधनात जायचं असेल, तर आणखी एक. मोठी लॅब, परदेशी विद्यापीठ, महागडं स्कॅनर यांची वाट बघत बसू नका. बिरवाडीत यातलं काहीच नव्हतं. एक वही होती, आणि हा रुग्ण का दगावला हा प्रश्न सोडून न देणारा एक तरुण डॉक्टर होता. आपल्या गावात दरडीनंतर किती जणांची झोप उडाली, हा प्रश्नही कुणीतरी तसाच वहीत लिहायला घ्यायला हवा.