विंचवाचे बिऱ्हाड

माझे आजोळ कोकणातले. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे गेलो की आजीचा एक नियम पाळावाच लागे : खुंटीवरचा सदरा झटकल्याशिवाय अंगात घालायचा नाही. एकदा गोठ्याजवळचा भाताचा पेंढा उचलताना मामाने मला हाक मारली. खाली एक लालसर विंचू होता आणि त्याच्या पाठीवर पांढरीशुभ्र पिल्ले दाटीवाटीने बसली होती. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण अक्षरशः खरी आहे, हे त्या दिवशी कळले.

बिऱ्हाड वाहणारी अर्थातच मादी. ती अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. ती आईच्या पायांवरून पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच मुक्काम ठोकतात. पिल्ले आईला खाऊन टाकतात, अशी समजूत आहे. ती खरी नाही. उलट भुकेली आईच कधीकधी एखादे पिल्लू गट्ट करते!

विंचू हा कीटक नव्हे. पाय मोजून पाहा, आठ भरतील. तो कोळ्याचा भाऊबंद, आणि त्याचे घराणे ४० कोटी वर्षांहून जुने. काही जातींना तब्बल १२ डोळे असतात, पण नजर यथातथाच. भक्ष्याची चाहूल लागते ती पायांना, जमिनीच्या बारीक कंपनांवरून. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली तो हिरवट-निळा चमकतो. कशासाठी, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

आता नांगीकडे वळू. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिच्या डंखाने सहसा जीव जात नाही. खरा घातक तो बोटभर लांबीचा लाल विंचू. त्याचेही सगळेच डंख जीवावर बेतत नाहीत. रात्रभर ठणकून सकाळी माणूस बरा होतो आणि श्रेय मंत्राला मिळते. आमच्या शेजारच्या मुलाच्या वेळी मात्र तसे झाले नाही. "घाम सुटतोय, म्हणजे विष उतरतंय," असे मांत्रिक सांगत राहिला. पहाटे मुलगा गेला.

तो घाम विष उतरल्याचा नव्हता, चढल्याचा होता. हे विष मज्जातंतूंना चेतवते. घाबरल्यावर शरीरात जी रसायने थोडी सुटतात, त्यांचा पूरच येतो. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, हृदय थकते आणि अखेर फुफ्फुसांत पाणी भरते.

हे कोडे सोडवले ते रायगड जिल्ह्यातल्या महाड परिसरात. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी केल्या आणि १९८२ मध्ये त्या 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आल्या. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरले. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीसच्या आसपास दगावत. गोळी वेळेवर मिळू लागली, तसे ते प्रमाण एकावर आले. २०११ मध्ये त्यांनीच दाखवून दिले की, या गोळीला विंचूदंशावरच्या प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एवढे मोठे संशोधन मुंबई-पुण्यात नव्हे, तालुक्याच्या गावी झाले, याचे मला अधिक अप्रूप वाटते.

काही वर्षांपूर्वी मामेभावाला मे महिन्यात पेंढ्यातच विंचू चावला. रात्रीचे दहा वाजले होते. कपाळावर घामाचे थेंब दिसताच वहिनीने रिक्षा बोलावली आणि अर्ध्या तासात त्याला दवाखान्यात पोहोचवले. चौथ्या दिवशी तो पुन्हा पेंढा रचत होता. फक्त आधी काठीने ढोसून बघत होता.