फटफटीचा रिले : पारख आणि निवड

शेतकीच्या मासिकांत मोटरसायकलच्या विजेच्या भागांवर लेख पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु भिवंडी तालुक्यांतील शेतकरी आज बैलजोडीपेक्षां फटफटीवर अधिक विसंबून आहे, ही गोष्ट आपण मान्य केली पाहिजे. पहाटेचें दूध पोंचविणें, भाजीच्या पाट्या बाजारांत नेणें, खताचें पोतें आणणें, आजारी माणसास दवाखान्यांत पोंचविणें, हीं सर्व कामें तीच करते. बैल आजारी पडला तर त्याच्या डोळ्यांवरून, नाकपुडीवरून व शेणावरून आपण दुखणें ओळखतों. फटफटी बंद पडली म्हणजे मात्र सारा भरंवसा दुसऱ्याच्या शब्दावर टाकतों. त्यांतही रिले ही वस्तु अशी कीं, ती दिसण्यांत काडेपेटीएवढी, किंमतीनें थोडी, पण चुकीची घेतली तर जिवावर बेतणारी. म्हणून तिची पारख कशी करावी हें येथें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रिले म्हणजे काय

लांबच्या प्रवासांत थकलेले घोडे सोडून टप्प्यावर ताजे घोडे जोडण्याची जी चाल होती, तिच्यांतील बदलीच्या घोड्यांवरून रिले हें नांव आलेलें आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यानें १८३५ सालीं असें साधन तयार केलें व पुढें तारायंत्रांत त्याचा फार उपयोग झाला. दूरवरून क्षीण होऊन आलेला प्रवाह ज्या ठिकाणीं थकतो, त्या ठिकाणीं तो नव्या जोमाच्या प्रवाहास फक्त वाट मोकळी करून देतो, हें त्याचें तत्त्व.

आपल्या विहिरीवरील मोटरच्या स्टार्टरांत हेंच तत्त्व आहे. हिरवें बटन दाबलें कीं आंतील वेटोळ्यांतून थोडीशी वीज वाहते. वेटोळें चुंबक बनून लोखंडी पट्टी ओढून घेतें, जाड संपर्क जुळतात व मोटरला भरपूर वीज मिळते. वीज गेली कीं पट्टी सुटते आणि स्टार्टर पडतो. मोटरसायकलचा रिले हा ह्या स्टार्टरचा धाकटा भाऊ समजावा. दिव्याच्या साध्या रिलेचें वेटोळें सुमारें दीड दशांश अँपिअर प्रवाहावर ओढतें, आणि त्याचे संपर्क तीस अँपिअरपर्यंत प्रवाह सोसतात. स्टार्टर मोटर तर फिरूं लागतांना कधीं कधीं शंभर अँपिअरच्या घरांत प्रवाह ओढते. एवढा प्रवाह हँडलवरील नाजूक बटनांतून नेला तर बटन जळून जाईल. तो भार रिले आपल्या अंगावर घेतो.

गाडीवर बहुधा तीन प्रकारचे रिले आढळतात. पहिला स्टार्टरचा, ज्याला दोन जाड तारा बोल्टानें जोडलेल्या असतात. दुसरा दिव्याचा किंवा हॉर्नचा, काळा चौकोनी, चार किंवा पांच पिनांचा. तिसरा वळणाचे दिवे उघडझांप करविणारा, ज्याला बाजारांत फ्लॅशर म्हणतात.

आमची चूक

आमच्याकडून घडलेली चूक येथें सांगणें आम्ही कर्तव्य समजतों, कारण ह्या लेखाचा सारा उपदेश तिच्यांतच आहे. एका श्रावणांत आमच्या गाडीच्या पुढील दिव्याचे दोन रिले, एक लांबच्या झोताचा व एक जवळच्या झोताचा, पाणी शिरून निकामी झाले. जुना नमुना खिशांत घालून आम्ही भिवंडीस गेलों व महामार्गालगतच्या एका दुकानांतून तसेच दोन रिले घेतले. आकार तोच, पिना त्याच, पिनांजवळचे आंकडेही तेच. ते बसवून, इंजिन वाढवून पाहिलें, तेव्हां दोन्ही झोत लख्ख लागले. आम्ही समाधानानें घरीं निघालों.

वाडा रस्त्यावर अंधार पडला. पाऊण तास गाडी चालली असेल. समोरून ट्रक आला म्हणून वेग उतरवून आम्हीं डिपर दाबला, तों दिवा साफ गेला. लांबचा झोत सुटला आणि जवळचा लागलाच नाहीं. पुढें ट्रकचे दोन डोळे, बाजूस काळोख, खालीं चिखल. रस्त्याकडेच्या भातखाचरांत आम्ही गाडीसह उतरलों. दुधाच्या कॅना चेपल्या, आमचा गुडघा फुटला, आणि मागें बसलेल्या आमच्या पुतण्याच्या हातास टांके पडले. पुतण्या तेव्हां बारा वर्षांचा होता. त्या रात्रीं त्याच्या आईपुढें उभें राहणें आम्हांस गुडघ्याच्या दुखण्याहून जड गेलें.

दुसऱ्या दिवशीं यंत्रमागाच्या मोटरी भरणाऱ्या एका ओळखीच्या कारागिरानें रिले हातांत घेतला, चष्मा वर केला व अंगावरील बारीक अक्षरें वाचून दाखविलीं. त्यावर चोवीस व्होल्ट असें छापलें होतें. आमची गाडी बारा व्होल्टची! चोवीसच्या वेटोळ्यास पट्टी ओढण्यास बहुधा चौदा ते सोळा व्होल्ट लागतात. दुकानासमोर इंजिन वाढविलेलें असतां गाडींत चौदांहून थोडा अधिक दाब होता व वेटोळें थंड होतें, म्हणून तें कसेंबसें ओढलें. तांब्याची तार तापली कीं तिचा विरोध वाढतो, आणि वेग उतरविला कीं दाब घटतो. दोन्ही गोष्टी ट्रक समोर असतांना एकदम घडल्या. दुकानदारानें आम्हांस फसविलें असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हीं व्होल्ट सांगितले नाहींत, त्यानें विचारले नाहींत.

भिवंडीच्या बाजाराचा विशेष

ही चूक भिवंडींत विशेष सुलभ आहे. गांवाजवळून मुंबई-आग्रा रस्ता जातो व भोंवतीं गुदामें पसरलेलीं आहेत. त्यामुळें मोठ्या ट्रकांस लागणारा चोवीस व्होल्टचा माल येथें मुबलक असतो. दुसऱ्या बाजूस हें यंत्रमागांचें गांव. विजेच्या सामानाच्या दुकानांत यंत्रांच्या पेट्यांसाठीं दोनशें तीस व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहावर चालणारे रिले मांडलेले असतात. आपल्याला हवा तो बारा व्होल्टचा, एकदिश प्रवाहाचा. जुन्या राजदूतसारख्या गाडीस तर सहा व्होल्टचा लागतो. हे सर्व रिले शेजारीं शेजारीं ठेवले तर भाऊ भाऊ दिसतात. म्हणून दुकानांत नमुना दाखविण्यापूर्वीं व्होल्ट तोंडानें सांगावे.

बदलण्यापूर्वीं दोष शोधावा

पुष्कळ वेळां रिले निर्दोष असतो आणि शिक्षा त्यालाच होते. स्टार्टरचें बटन दाबून कान द्यावा. आवाजाचे तीन प्रकार आहेत.

टकटकटक असा सारखा आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलेली आहे. भरलेल्या बॅटरीचा दाब विसाव्यांत सुमारें १२.६ व्होल्ट असतो. बटन दाबतांना तो दहाच्या खालीं बराच गेला तर आधीं बॅटरी व तिचे कीट चढलेले बोल्ट पाहावे. टक् असा एकच आवाज येऊन मोटर स्तब्ध राहिली तर रिलेचे संपर्क जळलेले असावेत, किंवा जाड तार ढिली असावी, किंवा मोटरचे कार्बन झिजलेले असावेत. बटन दाबून मीटर रिलेच्या दोन जाड बोल्टांवर लावावा. तेथें तीन दशांश व्होल्टांहून अधिक दाब दिसला तर दोष संपर्कांचा. आवाजच आला नाहीं तर वेटोळ्यापर्यंत वीज पोंचत नाहीं. फ्यूज, क्लचचा खटका, स्टँडचा खटका व जमिनीची तार क्रमानें तपासावी. एवढें पाहूनही वेटोळ्यास पुरी वीज मिळत असतां तें ओढीत नसेल, तरच रिले बदलावा.

जाड बोल्टांवर पेंचकस आडवा टाकून मोटर फिरविण्याची चाल आपल्याकडे आहे. त्यांत मोठी ठिणगी उडते आणि टाकी हातभर अंतरावर असते. ती चाल सोडावी हें बरें.

निवड करतांना

पहिली गोष्ट व्होल्टची. छापलेला आंकडा पुसला असेल तर मीटरनें वेटोळ्याचा विरोध मोजावा. चौकोनी रिलेंत बारा व्होल्टचें वेटोळें सुमारें ऐंशी ते शंभर ओहम दाखवितें, चोवीसचें तीनशेंच्या वर. स्टार्टरच्या रिलेचें वेटोळें मात्र तीन ते पांच ओहमच असतें; तें पाहून बिघाड समजूं नये.

दुसरी गोष्ट अँपिअरची. दिव्याचे वॅट भागिले व्होल्ट हा हिशोब सोपा आहे. साठ वॅटचा दिवा बारा व्होल्टवर पांच अँपिअर घेतो. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींत इंजिन चालू असेपर्यंत पुढचा दिवा जळत राहतो, म्हणून भाराच्या दुपटीहून कमी क्षमतेचा रिले घेऊं नये.

तिसरी पिनांची. बहुधा ३० ही बॅटरीची, ८७ ही दिव्याची, ८५ व ८६ ह्या वेटोळ्याच्या पिना होत. पांचवी ८७ए असेल तर ती रिले विसाव्यांत असतां जोडलेली राहते, हें ध्यानांत ठेवावें. कांहीं रिलेंत ३० व ८६ यांच्या जागा अदलाबदल केलेल्या असतात; म्हणून अंगावरील आकृति जुन्याशीं ताडून पाहावी. आकृतींत वेटोळ्याशेजारीं बाणासारखी खूण असेल तर आंत डायोड आहे. अशा रिलेच्या ८५ व ८६ ह्या तारा उलट जोडल्या तर फ्यूज उडतो.

चौथी गोष्ट प्रवाहाच्या जातीची. जुन्या अनेक लहान गाड्यांत पुढचा दिवा बॅटरीवर न चालतां सरळ मॅग्नेटोच्या उलटसुलट प्रवाहावर चालत असे. तेथें साधा रिले लावला तर तो नुसता थरथरतो.

फ्लॅशर घेतांना बल्बांचे वॅट सांगावे. जुने बल्ब काढून एलईडी बसविल्यास जुना फ्लॅशर घाईघाईनें झांपतो किंवा स्तब्ध राहतो. एलईडीसाठीं केलेला वेगळा घ्यावा. मिनिटास साठ ते एकशेंवीस झांपा हें योग्य प्रमाण होय.

कोठें घ्यावा

स्टार्टरचा रिले गाडीच्या कंपनीच्या अधिकृत दुकानांतूनच, भाग क्रमांक सांगून घ्यावा. एकाच नांवाच्या गाडींत सालागणिक भाग बदलतात, म्हणून चासीचा क्रमांक टिपून न्यावा. साधा चौकोनी रिले भिवंडी किंवा कल्याणच्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानांत मिळतो. न मिळाल्यास मुंबईस लॅमिंग्टन रोडवर विजेच्या बारीक सामानाचा मोठा बाजार आहे. मोडीच्या मालांतला रिले घेऊं नये. त्याचे जळके संपर्क झांकणाआड असतात.

बसविल्यावर इंजिन मंद ठेवून, अर्ध्या तासाच्या फेरीनंतर, डिपर दहा वेळां दाबून पाहावा. आम्हीं हें त्या दिवशीं केलें असतें तर खाचरांत उतरण्याचा प्रसंग आला नसता.

राखण

आमच्या भागांतील पाऊस व पडवींतील उंदीर हे रिलेचे दोन वैरी. पावसाळ्यापूर्वीं पिना स्वच्छ करून त्यांस थोडें व्हॅसलिन लावावें, रबरी टोपण जागेवर आहे कीं नाहीं तें पाहावें आणि पिना खालच्या अंगास येतील असा रिले बसवावा. प्लॅस्टिकची पिशवी घट्ट गुंडाळूं नये. आंत दमट हवा कोंडून गंज अधिक चढतो. भाताच्या कणगीजवळ गाडी लावणाऱ्यांनीं तारा महिन्यांतून एकदां पाहाव्या. फ्यूज उडाला तर त्या जागीं तारेचा तुकडा कधींही घालूं नये. फ्यूज वांचवितो ती गाडी, कधीं कधीं गोठाही. नव्या रिलेच्या जोडीस एक जादा घेऊन, त्यावर गाडीचें नांव व व्होल्ट लिहून, हत्यारांच्या पेटींत ठेवावा.

बैल घेतांना आपण दांत मोजल्यावांचून पैसे देत नाहीं, मग विकणारा सोयरा कां असेना. रिलेच्या अंगावरील बारीक आंकडे हे त्याचे दांत समजावे. ते दुकानाच्या उजेडांत वाचून घ्यावे. रस्त्यावरच्या काळोखांत ते वाचतां येत नाहींत.