‘उतरली’ म्हणजे डोके ताळ्यावर आले काय?



गळीत हंगामात रात्री-अपरात्री ऊस काट्यावर आणण्याचे काम बहुधा घरातली तरुण पोरेच करतात. ‘रात्री थोडी घेतली होती, पण आता उतरलीय,’ असे सांगून पहाटे ट्रॅक्टरवर बसणारेही त्यांत असतात. या बोलण्यात लबाडी नसते. त्याला खरोखरच तसे वाटत असते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

मळीपासून निघणारा मद्यार्क आपल्याला काही नवा नाही. पोटात गेल्यावर तो मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात उतरतो आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचतो. एकाच वेळी दोन-तीन गोष्टींकडे लक्ष ठेवण्याची ताकद आधी ढिली पडते. मोकळ्या सरळ रस्त्यावर हे कळत नाही. पण समोरून झोत डोळ्यावर, मागे दोन ट्रॉल्या, कडेला बैलगाडी असे एकदम आले, की मेंदू एकच धरतो नि बाकीचे सोडतो. ताशी २० किलोमीटरने ट्रॅक्टर सेकंदाला १८ फूट जातो. ब्रेकवर पाय अर्धा सेकंद उशिरा पडला, तर ९ फूट पुढे! शिवाय ‘थांब, नको’ म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. विशीतल्या पोराचा लगाम मुळातच कच्चा, त्यात दारू तो आणखी सैल करते.

आता उतरण्याविषयी. इंग्लंडमधील एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की रक्तातले प्रमाण सारखेच असले तरी चढताना झिंग जास्त दिसते, उतरताना कमी. पुढे माणसांच्या चाचण्यांत आढळले, की उतरताना कामाचा वेग परत येतो, चुका मात्र होतच राहतात. म्हणजे गडी चपळ दिसतो नि चुकतो. आमच्या मते झुलणाऱ्यापेक्षा हाच जास्त धोक्याचा. झुलणाऱ्याच्या हाती किल्ली कोणी देत नाही.

शरीर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम मद्यार्क काढते. रात्री ११ वाजता ९० मिलिग्रॅम असेल, तर सगळा निघायला पहाटेचे ५ वाजतात. मोटार वाहन कायदा, १९८८ मधली ३० मिलिग्रॅमची मर्यादा गाठायलाच ३ होतात. लिंबूपाणी, काळा चहा, डोक्यावर गार पाणी यांनी झोप उडते. हा हिशेब बदलत नाही.

तेव्हा खेप निघण्यापूर्वी पोराला ‘बरं वाटतंय का?’ असे विचारू नका. ‘किती घेतली, नि शेवटचा पेला किती वाजता?’ असे विचारा. हिशेब जमत नसेल, तर त्या खेपेला दुसरा ड्रायव्हर द्यावा.