प्रोग्रॅमिंगचे पहिले पुस्तक : निवड कशी करावी?

महोत्सवाच्या या स्मरणिकेसाठी सभासदांच्या कुटुंबांना उपयोगी पडेल असे काही लिहून द्यावे, अशी विश्वस्त मंडळींची सूचना आली. पालक मजकडे जो प्रश्न वरचेवर घेऊन येतात, त्याचेच उत्तर सविस्तर लिहावे असे मी ठरविले. प्रश्न साधा असतो : "सर, मुलाला प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे, कोणते पुस्तक आणू?" आणि त्यापाठोपाठ दुसरा : "जाडसर घेऊ, की सुरुवातीला स्वस्तातले चालेल?"

जाडी व किंमत या दोहोंवरून काहीच ठरत नाही, हे आधी सांगून टाकतो. मात्र निवडीला महत्त्व आहे. इतिहासाचे पुस्तक कंटाळवाणे निघाले तर मूल पुस्तकाला नावे ठेवते. प्रोग्रॅमिंगचे पुस्तक अयोग्य निघाले तर ते स्वतःला नावे ठेवते. पुस्तकात छापल्याप्रमाणे अक्षर न् अक्षर उतरवून काढावे, आणि संगणकाने काहीतरी इंग्रजी निरोप देऊन थांबावे! घरात विचारावयास कोणी नसते. दोन दिवस खटपट होते आणि तिसऱ्या दिवशी 'हे आपल्या डोक्याचे काम नव्हे' असा निकाल मूल स्वतःविरुद्ध देऊन मोकळे होते. वस्तुतः पुष्कळदा दोष डोक्याचा नसून पुस्तकाच्या वयाचा असतो.

म्हणून वयापासूनच सुरुवात करू. बोर्लंड या अमेरिकन कंपनीने १९८७ साली टर्बो सी हे साधन बाजारात आणले. ते त्या वेळच्या डॉस या प्रणालीवर चाले. आपल्याकडील महाविद्यालयांत ते पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिले आणि त्याच्याच आधारे सी भाषेची पुष्कळ भारतीय पुस्तके लिहिली गेली. या पुस्तकांतील प्रोग्रॅमच्या आरंभी 'कॉनिओ' नावाची एक फाइल मागविलेली असते आणि पुढे पडदा पुसण्यासाठी 'सीएलआरएससीआर' अशी आज्ञा येते. या दोन्ही गोष्टी टर्बो सीच्या घरच्या आहेत. सी भाषेच्या प्रमाणित रूपात त्या नाहीत. लिनक्सवरील जीसीसीला तो प्रोग्रॅम दिला तर ते पहिल्या दोन-तीन ओळींतच अडते. दुसरे असे की, साध्या पूर्णांकाची कमाल ३२,७६७ असे या पुस्तकांत छापलेले असते. टर्बो सीपुरते ते खरेच होते. आजच्या सर्वसाधारण संगणकावर तीच मर्यादा २,१४,७४,८३,६४७ इतकी असते. परीक्षेत पहिला आकडा लिहावयाचा आणि संगणकावर दुसरा दिसावयाचा, अशा कात्रीत विद्यार्थी सापडतो.

पायथॉन या भाषेचीही तीच कथा. गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. तिची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. दुसऱ्या आवृत्तीत 'प्रिंट' हा शब्द कंसावाचून चाले. तिसरीत कंस सक्तीचा आहे. दुसरीत ७ ला २ ने भागले की ३ येत, तिसरीत ३.५ येतात. रद्दीच्या दुकानात अगर नातलगाच्या कपाटात सापडलेले पायथॉनचे पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचे असेल, तर ते फुकट मिळूनही महाग पडते. यास्तव कोणतेही पुस्तक हाती घेतले की प्रथम आतल्या पानावरील प्रकाशनवर्ष पाहावे, आणि मग पहिला छापील प्रोग्रॅम. पायथॉनच्या पुस्तकात 'प्रिंट'पुढे कंस नसला तर ते तेथेच खाली ठेवावे.

आता भाषा कोणती, हा मुद्दा. पुस्तकाआधी भाषा ठरवावी लागते आणि येथे पालकांची चुरस सुरू होते. शेजारच्या मुलाने जावा घेतली म्हणून आपल्यालाही तीच हवी! नवशिक्यासाठी म्हणून मुद्दाम भाषा रचण्याचा विचार जुना आहे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी व कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी १९६४ साली बेसिक ही भाषा चालू केली. शास्त्र शाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. आज ती जागा बहुतांशी पायथॉनने घेतली आहे. माझे मत स्पष्ट आहे : आठवी ते बारावीचे मूल स्वतःच्या हौसेने शिकणार असेल तर पायथॉन घ्यावी, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला सी नेमलेली असेल तर तेथे वाद घालू नये, सी शिकावी. दोन्ही एकाच सुट्टीत नकोत.

नामवंत पुस्तकाचा मोह हा याहून अवघड. कर्निहॅन व रिची यांचे सी भाषेवरील पुस्तक १९७८ साली निघाले, त्याची दुसरी आवृत्ती १९८८ ची. डेनिस रिची हे खुद्द सी भाषेचे जनक. पुस्तक लहानसे, नेमके आणि आपल्या परीने अप्रतिम आहे. पण प्रस्तावनेतच लेखकांनी सांगून ठेवले आहे की हे प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून देणारे पुस्तक नव्हे. वाचकाला मूलभूत कल्पना थोड्याफार ठाऊक आहेत असे त्यांनी धरून चालले आहे. प्रस्तावना आपण वाचत नाही, आणि मग पोहता येणाऱ्यासाठी लिहिलेले पुस्तक घेऊन मूल पाण्यात उतरते. चोवीस तासांत किंवा एकवीस दिवसांत पारंगत करू म्हणणारी पुस्तके दुसऱ्या टोकाची. पीटर नॉर्विग या नामांकित संगणकतज्ज्ञाने अशा शीर्षकांची थट्टा करीत 'दहा वर्षांत प्रोग्रॅमिंग शिका' या आशयाचा निबंध लिहिला आहे. मुलाला दहा वर्षांचा आकडा सांगून घाबरवू नये. पण पहिल्या पुस्तकाला चार-सहा महिने लागतात, हे घरच्या मंडळींनी गृहीत धरावे.

तर मग दुकानात उभ्या उभ्या पुस्तकाची पारख करावी कशी? मी तीन जागा उघडून पाहतो. पालकांना स्वतःला प्रोग्रॅमिंग येत नसले तरी हे जमण्यासारखे आहे.

पहिली जागा बरोबरच्या चिन्हाची. प्रोग्रॅममध्ये 'क्ष बरोबर क्ष अधिक १' अशी ओळ सर्रास येते. ज्याने नुकतेच बीजगणित शिकलेले आहे त्याला हे धडधडीत खोटे वाटते, आणि वाटावयासच हवे. कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी कशी असेल? येथे ते चिन्ह समानतेचे नाही. उजवीकडचे उत्तर काढ आणि क्ष नावाच्या डब्यात ठेव, अशी ती आज्ञा आहे. डब्यात ५ होते, आता ६ झाले. चांगला लेखक येथे अर्धे पान थांबतो. जो लेखक ही ओळ काहीच घडले नाही अशा थाटात ओलांडून जातो, त्याला नवशिका विद्यार्थी कधी भेटलेलाच नाही असे खुशाल समजावे. शाळेत मी पाहिले आहे की गणितात हुशार असलेली मुलेच या ठिकाणी जास्त अडतात, कारण ती विचार करतात.

दुसरी जागा, जेथे प्रोग्रॅम माणसाला प्रश्न विचारून उत्तर घेतो. पायथॉनमध्ये त्यासाठी 'इनपुट' ही सोय आहे. समजा, दोन विषयांचे गुण विचारून बेरीज करावयाची आहे. मुलाने ४५ व ३० टंकित केले, तर उत्तर ७५ न येता ४५३० येते! कारण इनपुटने घेतलेली प्रत्येक गोष्ट पायथॉन अक्षरे म्हणून ठेवते, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे ती एकापुढे एक चिकटविणे. आधी 'इंट'ने त्यांचे आकड्यांत रूपांतर करावे लागते. हे पुस्तकात त्याच प्रकरणात सांगितले आहे की नाही, ते पाहावे. विद्यार्थ्याला मुद्दाम ४५३० काढावयास लावून मग कारण सांगणारे पुस्तक मी अधिक पसंत करीन.

तिसरी जागा लूपची, म्हणजे तेच काम पुनःपुन्हा करवून घेण्याची. पायथॉनमध्ये 'रेंज १, १०' म्हटले की गणती १ पासून ९ पर्यंत होते. १० येत नाहीत. याचे कारण दिलेले असावे आणि त्याखाली निदान पाच-सहा उदाहरणे सोडवावयास असावीत : पाढा छापणे, १ ते १०० पर्यंतच्या सम संख्यांची बेरीज, मुदलावर दरसाल दरशेकडा व्याज. उदाहरणे नसलेले प्रोग्रॅमिंगचे पुस्तक म्हणजे केवळ वाचून पेटी वाजविण्याचा प्रयत्न होय.

छपाईकडेही लक्ष असावे. पायथॉनमध्ये ओळीच्या आरंभी सोडलेल्या जागेला अर्थ असतो. कोणत्या ओळी लूपच्या आत आहेत हे त्या जागेवरूनच ठरते. स्वस्तातल्या प्रतींत, विशेषतः पान उलटते तेथे, ही जागा कधी कधी नाहीशी होते. तसा प्रोग्रॅम मुलाने इमानेइतबारे उतरविला तरी तो चालणार नाही.

इंग्रजीचा प्रश्न आपल्या सीमाभागात फार खरा आहे. मराठी, कन्नड किंवा उर्दू माध्यमातून दहावी झालेली मुले एकदम इंग्रजी पुस्तकांपुढे येऊन उभी राहतात. तथापि भाषेतील शब्द व पुस्तकातील शब्द यांत फरक करावा. पायथॉनच्या सध्याच्या रूपात राखीव शब्द अवघे ३५ आहेत. सीच्या १९८९ च्या प्रमाणित रूपात ते ३२ होते. एवढे शब्द कोणीही आठवड्यात पाठ करील. अडचण असते ती समजावून सांगणाऱ्या इंग्रजीची. त्यासाठी घेण्यापूर्वी मुलाकडून एक पान मोठ्याने वाचून घ्यावे आणि काय समजले ते मराठीत सांगावयास लावावे. मराठी पुस्तक मिळाले तर उत्तमच. परंतु सर्व संज्ञा संस्कृतप्रचुर मराठीत घालणारे पुस्तक मला अर्धवट उपयोगाचे वाटते. संगणक चुकीचा निरोप देतो तो इंग्रजीत. समजूत मराठीत आणि संज्ञा इंग्रजी, ही रीत व्यवहाराला धरून आहे. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमात सी भाषेचे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. पुस्तकाच्या जोडीला ते ऐकावेत. जाता जाता एक गंमत : पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत डब्यांना 'मुद्दल', 'व्याज' अशी देवनागरी नावे देता येतात. लहान मुलांना याचा भारी आनंद होतो.

काही नावे सांगितल्यावाचून पालकांचे समाधान होणार नाही. एरिक मॅथिस यांचे 'पायथॉन क्रॅश कोर्स' (तिसरी आवृत्ती, २०२३) नवशिक्यासाठी मी पहिले सुचवीन. पूर्वार्धात मूलतत्त्वे आणि उत्तरार्धात एक खेळ, आलेख व संकेतस्थळ अशी मोठी कामे आहेत. अल स्वाइगार्ट यांचे 'ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथॉन' कचेरीत काम करणाऱ्या तरुणांना अधिक मानवेल. ॲलन डाउनी यांचे 'थिंक पायथॉन' (तिसरी आवृत्ती, २०२४) आटोपशीर आहे, पण त्याचा घास थोडा मोठा. गणिताची गोडी असलेल्याने घ्यावे. या शेवटच्या दोहोंचा मजकूर लेखकांनी इंटरनेटवर मोफत वाचावयास ठेवला आहे. एनसीईआरटीचे अकरावीचे संगणकशास्त्राचे पुस्तकही पायथॉनवर आधारलेले असून ते परिषदेच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येते. परीक्षेच्या वळणाचे असल्याने ते थोडे कोरडे आहे, परंतु इंग्रजी सोपे.

'आता यंत्रच प्रोग्रॅम लिहून देते, मग पुस्तक कशाला?' असेही हल्ली विचारले जाते. यंत्र लिहून देते खरे. पण ४५३० आले तर ते चूक आहे हे ओळखावयास, आणि कोठे चुकले ते दाखवावयास, वाचता येणारा माणूस लागतोच. मुलाने आधी स्वतः उदाहरण सोडवावे, मग यंत्राला कारण विचारावे. उलट क्रम केला की वहीत उत्तरे जमतात, हातात काही येत नाही.

शेवटी ट्रस्टच्या वाचनालयासाठी पुस्तके भेट देणाऱ्या सभासदांना एक विनंती. निरनिराळी दहा पुस्तके एकेक देण्याऐवजी निवडलेल्या एकाच पुस्तकाच्या तीन-चार प्रती द्याव्यात. तीन मुले एकच पुस्तक एकाच वेळी वाचू लागली की एकाचे अडले ते दुसरा सोडवितो. प्रत देताना मागच्या कोऱ्या पानावर भाषेची आवृत्ती ठळक लिहावी आणि मुदत पंधरा दिवसांची न ठेवता निदान तीन महिन्यांची ठेवावी. जुन्या टर्बो सीच्या प्रती कपाटातून काढून टाकू नयेत. ज्या महाविद्यालयांत अजूनही तीच पद्धत चालते तेथील विद्यार्थ्यांना त्या लागतील. फक्त त्या वेगळ्या खणात ठेवून वर तशी चिठ्ठी लावावी.