आधी औषध, मग फणी

आपल्या मराठीत केसांवरून वाक्प्रचार उदंड आहेत. जिवलगाच्या केसालाही धक्का लागू नये म्हणून आपण जपतो, विश्वासघातकी माणूस केसाने गळा कापतो, आणि वडीलधारी मंडळी ‘आमचे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत’ असे बजावतात. पण तेच केस ऐन पंचविशीत फणीवर येऊ लागले म्हणजे काय करावे, हे सांगणारा वाक्प्रचार मला तरी ठाऊक नाही. अशा वेळी माणूस गुपचूप औषधाच्या दुकानात जातो, एक बाटली आणतो, दोन महिने डोक्याला चोपडतो आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून ती खिडकीत ठेवून देतो. या बाटलीचे आणि रोजच्या तेल-फणीचे जमवायचे कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

मी मूळचा पांढुर्ण्याचा. नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावरचे हे संत्र्यांचे गाव. शेजारी सौंसर. हे दोन्ही तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली त्यांचा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि औषधाच्या घडीपत्रकावर इंग्रजी, अशी आमची तिपेडी वेणी असते. मराठी-कन्नड अशा जोड मासिकाच्या वाचकांना ही स्थिती नवी वाटणार नाही. घडीपत्रक वाचले जात नाही, आणि अर्धे औषध तेथेच वाया जाते.

माझा मावसभाऊ सौंसरला राहतो आणि बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातो. त्याच्या लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या आणि मावशीला त्याच्या टाळूची काळजी लागली. “पोरगं कामाचं हाय, पण पाव्हणे डोक्शाकडे पाहूनच परतून राहिले,” असे ती म्हणे. हसण्यासारखी वाटली तरी ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तो फोटो काढताना टोपी घालू लागला, मित्रांच्या लग्नाला जाईनासा झाला. सुट्टीत मी गेलो तेव्हा बाटली माझ्यापुढे ठेवून म्हणाला, “काऊन गा, तू तं रसायन शिकून राहिला ना? मंग सांग, हे औषध हाय का नुसतं पाणी?”

बाटलीत मिनॉक्सिडिल होते. या औषधाची जन्मकथा मोठी गमतीची आहे. अमेरिकेतील अपजॉन कंपनीने ते रक्तदाबासाठी तयार केले. गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर आणि चेहऱ्यावर केस वाढू लागले. रक्तदाबाच्या दृष्टीने हा उपद्रवच. पण कोलोरॅडो विद्यापीठातील गुंटर कान आणि पॉल ग्रांट या डॉक्टरांना त्यात टकलावरचा उपाय दिसला. रक्तदाबाच्या गोळीला अमेरिकेत १९७९ मध्ये मान्यता मिळाली, आणि डोक्याला लावायच्या दोन टक्के द्रावणाला १९८८ मध्ये. पुढे पाच टक्के द्रावण आले आणि मग फेसाळ स्वरूपही आले.

हे औषध काय करते ते कळण्यासाठी केसाचे आयुष्य पाहावे लागेल. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवडे थांबतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. मग त्याच मुळातून नवा केस येतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा निसर्गक्रमच आहे. आनुवंशिक टकलात पुरुषी संप्रेरकाच्या प्रभावाने वाढीचा काळ आखूड होत जातो. प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो आणि शेवटी नुसती लव उरते. मिनॉक्सिडिल या मुळांना लवकर जागे करते आणि त्यांचा वाढीचा काळ लांबवते. मात्र ते स्वतः थेट काम करीत नाही. केसाच्या मुळातील एक विकर त्याचे रूपांतर करते, तेव्हा कोठे ते कामाला लागते. ज्यांच्या मुळांत हे विकर कमी, त्यांना गुणही कमी. आणि संप्रेरकाचा मूळ प्रभाव ते दूर करीत नसल्याने, औषध सोडले की तीन-चार महिन्यांत कमावलेले केस परत जाऊ लागतात.

येथे एक इशारा द्यायला हवा. प्रत्येक केसगळती ही टकलाची नसते. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस काही दिवसांतच पुंजक्यांनी हाती आले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. अशा अचानक गळतीवर बाटली आणून चोपडणे व्यर्थ आहे. टायफॉइडसारखा ताप, रक्तक्षय, थायरॉइडचा विकार यांनीही केस गळतात, आणि तेथे मूळ दुखण्यावर इलाज करावा लागतो. म्हणून मी मावसभावाला प्रथम त्वचारोगतज्ज्ञाकडे धाडले. आनुवंशिक टक्कल असल्याचे त्यांनी सांगितले आणि तेच औषध चालू ठेवायला सांगितले. मग चुकत होते कोठे?

त्याची दिनचर्या पाहताच उत्तर सापडले. सकाळी अंघोळ झाली की तळहातभर खोबरेल तेल, त्यावर फणी, त्यावर हेल्मेट. रात्री निजताना त्याच तेलकट डोक्यावर औषध, आणि लगेच उशीवर डोके. म्हणजे औषध तेलाच्या थरावर तरंगत होते आणि उरलेले उशीचा अभ्रा पीत होता. शिवाय ड्रॉपर केसांवरून फिरवल्यामुळे केस भिजत, कातडी कोरडीच राही. रोग कातडीखालच्या मुळाशी आहे. वर आलेला केस हा निर्जीव धागा. त्याला औषध पाजून काय होणार?

आम्ही दोघांनी मिळून नवी दिनचर्या आखली. त्याची पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून घड्याळाऐवजी अंघोळ आणि जेवण या दोन खुंट्यांना औषध बांधले.

अंघोळीनंतर डोके पंचाने नीट कोरडे करायचे. फणीने भांग पाडून विरळ भागाची कातडी उघडी करायची आणि ड्रॉपरने मोजून एक मिलिलिटर औषध थेंबाथेंबाने कातडीवर सोडायचे. बोटाने हलकेच पसरायचे, रगडायचे नाही. मग हात साबणाने धुवायचे, नाहीतर हात लागेल तेथे, म्हणजे कपाळावर आणि गालावरही, केस येण्याचा संभव असतो. त्यानंतर चहा, पेपर, डबा भरणे, बूट पुसणे, असे काहीही करावे. तेवढ्यात औषध वाळते. घाई म्हणून केस वाळवण्याचे यंत्र फिरवू नये. पूर्ण वाळल्यावर मगच फणी, आणि जेल लावायचेच असेल तर बोटांच्या टोकांनी केसांना, कातडीला नव्हे. हेल्मेट सर्वांत शेवटी.

दुसरा हप्ता रात्रीच्या जेवणाआधी. जेवण, गप्पा, आवराआवर यांत दोन तास सहज जातात, आणि उशीला डोके टेकेपर्यंत औषध कातडीत मुरलेले असते. लावल्यापासून चार तास डोके धुवायचे नाही. एखादा हप्ता चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट लावायचे नाही; गेला तो गेला.

तेलाचे काय, हा प्रश्न मावशीचा. तेलाशिवाय डोके म्हणजे तिच्या लेखी दिव्याशिवाय देवघर. तिला दुखवण्याचे कारण नव्हते, कारण तेल हे विष नाही. ते औषधाच्या वाटेत येते एवढेच. रविवारी सकाळी तिने मुलाच्या डोक्याला हवे तेवढे तेल चोळावे, तासाभराने शॅम्पूने ते स्वच्छ काढावे, आणि डोके कोरडे झाल्यावर औषध लावावे, असा तह झाला. कलप किंवा मेंदी लावायची असेल त्या दिवशी औषधाला सुट्टी.

खरी कसोटी पुढेच होती. पाचव्या आठवड्यात त्याचे केस पूर्वीपेक्षा जास्त गळू लागले आणि त्याचा घाबरून फोन आला. या टप्प्यावर पुष्कळ जण बाटली फेकतात. वास्तविक विश्रांती घेणारे जुने केस नव्यांना जागा देण्यासाठी लवकर गळतात, म्हणून सुरुवातीच्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढलेली दिसते. ती पुढे ओसरते. फरक दिसायला किमान चार महिने लागतात, आणि रोज आरशात पाहून तो कळत नाही. महिन्यातून एकदा त्याच खिडकीशी, त्याच उजेडात टाळूचा फोटो घ्यावा. सहा महिन्यांनी त्याच्या टाळूवरचे केस दाट दिसू लागले. कपाळाकडचे दोन्ही कोपरे मात्र होते तसेच राहिले. हे औषध टाळूवर अधिक चालते, ही त्याची मर्यादा आहे.

या बाटलीमुळे घरात आणखी एक प्रसंग ओढवणार होता. त्याची थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. चौथ्या महिन्यात तिचे केस मुठीने जाऊ लागले, आणि भावाची बाटली समोरच फळीवर होती. ती विचारीत होती, “मीबी लावू काय थोडंसं?” डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटले. बाळंतपणानंतरची गळती बहुधा बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत आपोआप थांबते; गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईने हे औषध वापरू नये. स्त्रियांसाठी मिनॉक्सिडिल नाही असे मात्र नाही. भांग रुंदावत गेलेल्या स्त्रियांना डॉक्टर ते देतात, पण प्रमाण आणि वेळा त्यांनीच ठरवायच्या. एका घरात एक कंगवा चालेल, एक बाटली चालणार नाही.

आणखी काही पथ्ये थोडक्यात. अठरा वर्षांखालील मुलांनी ते लावू नये. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत धडधड, चक्कर, पायांवर सूज, असे काही झाल्यास औषध बंद करून डॉक्टरांकडे जावे. डोक्यावर जखम किंवा खरूज असेल तर लावू नये, कारण तेथून ते रक्तात जास्त शिरते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते, आणि दरवर्षी कित्येकांची डोकी फुटतात. त्यांनी टाके सुकेपर्यंत थांबावेच. द्रावणात मद्यार्क असतो, म्हणून चूल, समई आणि विडीकाडी यांपासून ते दूर ठेवावे. घरात मांजर असेल तर सांडलेला थेंबही पुसून घ्यावा; मांजराला ते प्राणघातक ठरू शकते. खाज फार सुटली तर द्रावणातील दुसरा घटक बाधत असण्याचा संभव असतो. डॉक्टर मग फेसाळ प्रकार देतात.

शेवटी हिशेबाचे बोलू. दिवसाला दोन मिलिलिटर म्हणजे साठ मिलिलिटरची बाटली महिनाभर पुरते. वर्षाला बारा बाटल्या, आणि हे एका वर्षाचे नव्हे. म्हणून पहिली बाटली घेण्यापूर्वीच स्वतःला विचारावे की हा खर्च आणि ही शिस्त आपण वर्षानुवर्षे सांभाळू का? उत्तर ‘नाही’ असेल तर केस बारीक कापून ताठ मानेने हिंडावे. त्यात कमीपणा काहीच नाही. उत्तर ‘होय’ असेल तर दात घासण्याइतके ते अंगवळणी पाडावे. दुकानदार बाटली देतो, डॉक्टर सल्ला देतो. पण कोरड्या डोक्यावर, ठरल्या वेळी, मोजून एक मिलिलिटर लावण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.